अठरा नंबरच्या घराची लोकसंख्या

मी पेंटर. कोणी चित्रकार म्हटलं तर मला आवडतं, पण आमच्या चामोर्शीत तसं कोणी म्हणत नाही आणि घरात तर अजिबातच नाही. दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी लिहा असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा बायको म्हणाली, "दुसऱ्याच्या भिंती रंगवण्यात जल्म गेला. आपल्या घराले चार वर्षांपासून चुना नाई, हे बी लिवजा." लिहिलं.

फ्लेक्स आला नि आमचा धंदा बसला. त्याआधीची तीसेक वर्षं चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतल्या सरकारी भिंती माझ्या हातच्या होत्या. गावाच्या सीमेवरचे दगड, शाळांचे फळे, दवाखान्यांवरच्या सूचना, ग्रामपंचायतीचा माहितीफलक, सगळं. हा माहितीफलक कसा करतात ते थोडक्यात सांगतो. आधी भिंतीवर काळा चौकोन करायचा. तो वाळला की दोऱ्याला खडू चोळून, दोरा ताणून सोडायचा, म्हणजे सरळ ओळ उमटते. त्या ओळीवर पांढऱ्या तेलरंगात लिहायचं: एकूण लोकसंख्या, पुरुष, स्त्रिया, कुटुंबे, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबे. समोरचे आकडे मात्र खडूने. माझे उस्ताद रहीमचाचा, चंद्रपूरचे. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "बेटा, जो मिटाना है उसको पेंट नई करने का." आकडे बदलतात, म्हणून ते खडूत. हा नियम मी जन्मभर पाळला. फक्त एकदा मोडला, आणि ही सगळी आठवण त्यासाठीच लिहायला घेतली आहे.

तर माणसाच्या प्रगतीवर माझ्याइतकं लिखाण या दोन जिल्ह्यांत कोणी केलं नसेल. एका भिंतीवर मी कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण काढायचो, कुटुंब लहान ठेवा म्हणून सांगायचो. माझ्या स्वतःच्या घरी चार मुलं. पहिला त्रिकोण काढला तेव्हा दोनच होती, म्हणजे बाकीची दोन त्रिकोण रंगवता रंगवता झाली. त्याच गावात पलीकडच्या भिंतीवर लोकसंख्येचा आकडा लिहायला गेलो की सरपंच खुर्ची घेऊन शेजारी येऊन बसायचे.

"पेंटर, आकडा जरा फुगवून लिवा ना. इतक्याशा लोकाईवर डांबरी रस्ता नाई भेटत म्हणते."

"पण सरपंचसाहेब, त्या भिंतीवर मीच लिहून आलो, माणसं कमी करा म्हणून."

"ते भिंत शाळेची होय. हे ग्रामपंचायतीची."

मी खडू त्यांच्याच हातात दिला. माणसं वाढली की रस्ता येतो, रस्ता आला की दवाखाना जवळ होतो, आणि दवाखान्याच्या भिंतीवर पुन्हा मी असतोच, त्रिकोण घेऊन. वाढ ही प्रगती की घट ही प्रगती, हे मला त्या काळात कोणी विचारलं असतं तर मी आधी कोणती भिंत ते विचारलं असतं.

गरिबीचंही तसंच. दारिद्र्यरेषेखालच्या घरांवर खूण करायचं काम एकदा मिळालं होतं. ट्रॅक्टर असलेला एक गृहस्थ ट्रॅक्टर नाल्यात उतरवून, वर तुराट्या टाकून, फाटकी बनियन घालून दारात उभा होता. "इथी बी खूण करून टाका जी," म्हणाला. आणि दोन घरं सोडून एक म्हातारी होती. तिच्या घरात खरोखर काही नव्हतं, ती खूण करूच देईना. तिच्या सोयऱ्यांना काय वाटेल, असं तिचं म्हणणं. उलटं टोक बघायचं तर गडचांदूरला. तिथं सिमेंट कारखान्याच्या एका कॉलनीत मी नावाच्या पाट्या करत असे. बंगल्यावर साहेबाचं पूर्ण नाव, पदवी, हुद्दा, बायकोचं नाव, तिची पदवी, कधीकधी कुत्र्याचंही नाव. मधल्या क्वार्टरवर नुसतं आडनाव. मागच्या चाळींवर फक्त नंबर. माणूस जितका वरचा तितकी त्याची पाटी लांब, आणि पेंटरचं पोट लांब पाटीवर भरत असल्यामुळे मी मनातून वरच्या वर्गाच्याच बाजूचा होतो, हे कबूल करायला आता हरकत नाही. माझ्या स्वतःच्या दारावर आजही पाटी नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. एटापल्लीच्या पुढे, जंगलात, माडिया लोकांचं एक गाव आहे. लहान आहे, नाव सांगितलं तर ओळखू येईल, म्हणून सांगत नाही. तिथल्या शाळेवर वऱ्हाडातून बदलून आलेले एक मास्तर नुकतेच रुजू झाले होते. उत्साही माणूस. शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर 'मानवाची प्रगती' असं चित्र काढा म्हणाले, चार चौकटींचं. पहिल्या चौकटीत झोपडी आणि धनुष्यबाण घेतलेला उघडा माणूस. दुसरीत शेती. तिसरीत कारखाना. चौथीत उंच इमारती, मोटारी आणि माणसंच माणसं. "गर्दी दाखवा, पेंटर," मास्तर म्हणाले. "प्रगती झाली की गर्दी होते." मी पुढे एक सूटबूटवाला काढला आणि मागे लहान लहान डोकी. यात विचार काही नव्हता. मला सूट एकच जमतो आणि डोकी नुसती टिंबं दिली तरी चालतात.

चित्र वाळत होतं तेव्हा गावचा गायता आला. गायता म्हणजे त्यांचा पुजारी, आणि मोठ्या माणसासारखा त्याचा शब्द चालतो. त्यानं पहिल्या चौकटीवर बोट ठेवलं आणि तोंडभर हसला. "हा माहा आजा होय. असाच होता." ज्याला मी सगळ्यात मागासलेला म्हणून काढला होता, तो या माणसाचा आजोबा निघाला, आणि नातू त्याच्याकडे कौतुकानं बघत होता. मग त्याने चौथ्या चौकटीतल्या टिंबांकडे बघितलं. "आजाजवळ धनुष्य आहे, झाड आहे. ह्या मागच्याईजवळ काय आहे?"

"त्यांचं अजून रंगवायचं राहिलंय," मी थाप मारली.

मागे एक बाई डोक्यावर पाण्याची गुंडी घेऊन थांबली होती. तिशीची असेल. तिचं नाव मैनी. तिनं चारही चौकटी नीट पाहिल्या आणि विचारलं, "पेंटरभाऊ, ह्यात बाई कुठी आहे?"

मी पाहिलं. खरंच नव्हती. चार चौकटी, हजारो वर्षांची प्रगती, आणि एकही बाई नाही. दुसऱ्या दिवशी मी शेतीच्या चौकटीत डोक्यावर घागर घेतलेली बाई घुसवली आणि मोठ्या तोऱ्यात मैनीबाईला दाखवली. ती म्हणाली, "हे तर अजून पाणीच भरून राह्यली," आणि निघून गेली.

त्याच आठवड्यात घरोघरचं सर्वेक्षण लागलं. मी पुढे जाऊन प्रत्येक घराच्या खांबावर काळ्या तेलरंगात नंबर टाकायचा आणि मागून मास्तर फॉर्म भरत येणार, असं ठरलं. दिवस मोहफुलं वेचायचे. माणसं पहाटेपासून जंगलात गेलेली, गावात म्हातारी-कोतारी आणि लेकरं. माझा एक अभिमान होता की माझ्या हातून एकही घर सुटत नाही. सतरा घरांवर नंबर टाकून झाले. गावाबाहेर, झाडीच्या कडेला, एक ठेंगणी झोपडी दिसली. दार नाही, कुडाला भोकं, गवताचं छप्पर एका बाजूनं खाली बसलेलं. आतमध्ये अंधारात एक बाई होती, चेहरा दिसत नव्हता. मला येताना पाहून ती मराठी विसरून जोरजोरात माडियातच काहीतरी ओरडायला लागली. मला माडिया येत नाही. मी आपला 'राम राम, बाई' म्हणालो आणि खांबावर अठरा नंबर टाकला. नंबर असा सुबक आला की मी दोन पावलं मागे जाऊन बघत उभा राहिलो.

ते कुर्माघर होतं. पाळीच्या दिवसांत गावातल्या बाया तिथं जाऊन राहतात. ना तिथं पुरुष जात, ना त्या झोपडीला हात लावत. डागडुजीसाठीसुद्धा लावत नाहीत, म्हणून ती तशी होती. मी चामोर्शीचा, या जिल्ह्यातच जन्मलेला, पन्नास वेळा ऐकलेलं होतं. पण ऐकलेलं वेगळं आणि समोर दिसलेलं वेगळं. मास्तर तर वऱ्हाडातून येऊन पंधरा दिवस झालेले. त्यांनी लांबूनच फॉर्म भरला. आत बसलेली होती मैनी. नाव विचारलं, तिनं नाव सांगितलं. इथे कोण राहतं? आज मीच. नवरा? तिनं गावाकडे हात केला. मास्तरांनी लिहिलं: पतीपासून विभक्त. खोली एक, दार नाही, भांडं एक, चटई एक. फॉर्मवर गुण जितके कमी तितकं कुटुंब गरीब, आणि इतके कमी गुण त्या तालुक्यात कोणालाच पडले नसतील.

इकडे सात नंबरच्या घरात मैनीच्या सासूनं आपल्या सुनेचं नाव सांगितलेलंच होतं. म्हणजे माझ्या ब्रशच्या दोन फटकाऱ्यांनी गावची लोकसंख्या एकानं वाढली, आणि ज्या गावात सगळे सारखेच होते तिथं एक सगळ्यात खालचा वर्गही तयार झाला. मास्तरांच्या व्याख्येप्रमाणे ही प्रगतीच.

संध्याकाळी माणसं परत आली आणि मी काय केलं ते कळलं. गायत्यानं मला एक कोंबडा दंड केला. मी दिला. नंबर पुसायला पुन्हा झोपडीला हात लावावा लागला असता, म्हणून तो तसाच राहिला.

दोन पावसाळे गेले. मी हा प्रकार विसरलो होतो. मग एक दिवस ग्रामसेवकांचा निरोप आला, ताबडतोब या. घरकुलाची यादी आली होती. त्या गावात पहिलंच पक्कं घर मंजूर झालं होतं, अठरा नंबरच्या मैनीला. गावात त्यावरून हसण्याला ऊत आला होता आणि मैनीचा नवरा लालसू चिडला होता. तो भला माणूस, पण चारचौघांत त्याला 'विभक्त' म्हणायला लागले होते.

"माही बायको माह्याजवळच आहे," तो मला म्हणाला. "तू काऊन आमाले वेगळं केलं?"

ग्रामसेवक म्हणाले, चूक तुमच्या नंबरची आहे. नंबर पुसा, मी पंचनामा करतो, मंजुरी परत पाठवतो, विषय संपला. मला तर तेच हवं होतं. रॉकेलची बाटली आणि फडकं घेऊन निघालो. सोबत ग्रामसेवक, लालसू, मागे अर्धं गाव. झोपडी आता आणखी बसली होती. खांबावर माझा अठरा तेवढा ताठ उभा होता. आणि त्याच्यासमोर मैनी.

"पुसू नको, भाऊ."

मी म्हणालो, "मैनीबाई, चूक झाली माझी. हे घर नाही."

"घर नाई तर मी कुठी राह्यते दर महिन्याले?"

मग तिनं जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. मागच्या पावसाळ्यात तिची धाकटी बहीण याच झोपडीत होती. छप्पर गळत होतं म्हणून ती कोपऱ्यात सरकली, आणि कोपऱ्यात साप होता. एटापल्लीला नेईपर्यंत ती गेली. "माही पोरगी सरिता आता दहाची आहे," मैनी म्हणाली. "दोन-तीन वर्षात ते बी इथीच येईल. मले माह्या नावानं घर नाई पायजे. इथी पायजे. भिंत पायजे, दार पायजे. पुसशील तर तिच्यासाठी तूच येऊन बांधून देजो."

फडकं माझ्या हातात होतं आणि ते रॉकेलनं भिजलेलंही होतं. ग्रामसेवक वाईट नव्हते, पण त्यांना कागद सरळ हवा होता. त्यांनी तिथल्या तिथेच विषय ग्रामसभेपुढे ठेवला. झाडाखाली सभा बसली. बाया एरवी सभेत मागे बसतात, त्या दिवशी पुढे बसल्या. ग्रामसेवकांनी मला उभं केलं आणि विचारलं, "तुम्ही नंबर टाकला तेव्हा ते घर होतं की नव्हतं? एक काय ते सांगा, मी लिहून घेतो."

मी आयुष्यात कधी भाषण केलेलं नाही. एका बाजूला लालसू, दुसऱ्या बाजूला मैनी, समोर गायता, ज्याच्या आजोबाला मी मागासलेला म्हणून भिंतीवर काढलं होतं. मी म्हणालो, "आत माणूस राहत होतं, साहेब. माणूस राहते त्याले आम्ही घरच धरतो." हे वाक्य फार विचार करून काढलं असं पुढे मी बऱ्याच जणांना सांगितलं. खरं म्हणजे घाबरून तोंडातून निघालं होतं. ग्रामसेवकांनी ते लिहून घेतलं आणि वर माझी सही घेतली. सही करताना मला फडकं दुसऱ्या हातात धरायचंही सुचलं नाही, कागदावर रॉकेलचा डाग पडला.

लालसू उठून उभा राहिला. मग म्हणाला, "विभक्त तर विभक्त. लिवा. पोरगी माही बी आहे." आणि गायत्यानं तोडगा काढला: एकदा बाया राहायला लागल्या की पुरुषांनी हात लावायचा नाही, पण बांधून होईपर्यंत ते नुसतं बांधकाम, त्याला हात लावायला हरकत नाही. नाल्यातली रेती पुरुषांनी वाहिली. उन्हाळ्यात घर उभं राहिलं, पत्र्याचं छप्पर, लोखंडी दार, आतून कडी.

घरकुलावर पाटी लिहावी लागते. ती मीच लिहिली, फुकट, कारण त्या गावात माझ्यावर आधीच एका कोंबड्याइतका अविश्वास होता. घर क्रमांक अठरा, कुटुंबप्रमुख मैनी, आणि शेवटची ओळ: एकूण व्यक्ती. मी खडू काढला. "किती लिहू?"

मैनी आणि बाकीच्या बाया हसायला लागल्या. "आज दोन. उद्या चार. लिवतं कायले?"

मी जागा कोरी ठेवली.

या घराबद्दल मी पुष्कळ बढाया मारल्या. चहाच्या टपरीवर, लग्नात, सगळीकडे. शेवटी माझी थोरली मुलगी, ती चंद्रपूरला नोकरीला आहे, एकदा म्हणाली, "बाबा, तुम्ही बायांना गावाबाहेर ठेवायची पक्की सोय केली, एवढंच ना?" मला राग आला. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही, कारण तिचं खरं होतं. सापापासून सुटका झाली होती, झोपडीपासून नव्हती. तेलरंगात लिहिलेलं सहज पुसलं जात नाही, आणि सिमेंटचं तर त्याहून नाही. माझ्या हातून चांगलं झालं की वाईट, या गोष्टीचा मला पुढे बरीच वर्षं त्रास होत राहिला.

मागच्या वर्षी मैनीचा फोन आला. फोन तिच्या मुलीचा, बोलत होती मैनी. "पेंटरभाऊ, पाटीचा रंग उडाला. येजो." मी म्हटलं, आता फ्लेक्स लावा, माझा हात थरथरतो. ती म्हणाली, "फ्लेक्स बकरी खाते."

गेलो. शाळेवरचं 'मानवाची प्रगती' पावसानं पार धुऊन गेलं होतं, फक्त गायत्याचा आजा तेवढा टिकला होता. गायताही आता नाही. अठरा नंबरच्या घराचं दार उघडं होतं. आत मोहफुलं वाळत घातलेली आणि भिंतीला एक सायकल टेकवलेली. सरिता नर्सिंग शिकून आता जवळच्याच उपकेंद्रात कामाला लागली आहे. परीक्षेच्या दिवसांत ती पहिल्यांदा घरीच राहिली, इथं आली नाही. गायता तेव्हा होता, त्यानं सहा महिने लालसूशी बोलणं टाकलं. लालसू म्हणे रोज त्याच्या दारावरून मुद्दाम जायचा आणि राम राम घालायचा. मग आणखी एक पोरगी घरी राहिली. मग दोन. सगळ्या नाही. दोन-तीन घरच्या सुना अजून कधीमधी येतात. त्यांना सरिता काही म्हणत नाही, दार उघडून देते आणि मोहफुलं एका बाजूला सारते.

मी सगळे मथळे पुन्हा पांढऱ्या रंगात उठवले. शेवटच्या ओळीशी आलो. एकूण व्यक्ती. सवयीनं खिशातला खडू काढला.

"आज किती आहेत, मैनीबाई?"

तिनं आत पाहिलं. मोहफुलं, सायकल. "आज कोणी नाई."

मी खडू खिशात टाकला, रंगाचा डबा पुन्हा उघडला आणि ब्रश बुडवला. जन्मभर आकडे वाढताना लिहिले, वाढवूनही लिहिले, पण शून्य कधीच लिहिलं नव्हतं. शून्य वाकडं आलं, खालून जरा चेपलेलं.

मैनी जवळ येऊन बघत राहिली. "हे तर पक्क्या रंगात लिवलं."

"हो."

"आन् उद्या कोणी आली तर?"

"तर फोन करा. मी येऊन पुसून जाईन."

रॉकेल आता मिळत नाही. तरी त्या दिवशी परत आल्यावर मी टर्पेंटाइनची एक बाटली आणि स्वच्छ फडकं पिशवीत घालून दाराजवळच्या खुंटीला अडकवून ठेवलं आहे. बायको रोज विचारते, ही पिशवी कायची? मी म्हणतो, राहू दे. फोन अजून आलेला नाही.